हिरव्या दिव्यावरचं कुंकू

आमच्या बाबांना साप, पाल, उंची, समुद्र, कशाचीही भीती वाटत नाही. भीती वाटते ती विजेची, आणि तीही आभाळातली नाही, भिंतीतली. "करंट कधी चढेल सांगता येत नाही," हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेय. माझा पहिला शब्द 'आई' होता असं सगळे सांगतात, पण दुसरा 'प्लग' असणार याची मला खात्री आहे.

मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात आम्ही तिघं राहतो. बाबा बँकेतून निवृत्त, आई शाळेतून, आणि मी अजून नोकरीत. चाळिशी ओलांडली तरी मला आमच्या घरात मोबाइलचा चार्जर मनाला येईल तिथे लावायची परवानगी नाही. प्रत्येक वस्तू 'गार्ड'मधून, म्हणजे विजेचा झटका अडवणाऱ्या पट्टीतून, गेली पाहिजे. फ्रिजला काट्याचा जुना स्टॅबिलायझर, टीव्हीला गार्ड, कॉम्प्युटरला गार्ड. पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांच्या हातातला चार्जर काढून घेतला जातो. गावाला निघालो की बाबा सगळे प्लग उपसतात, दाराची बेलसुद्धा बंद करतात आणि मग रिक्षात बसल्यावर विचारतात, मिक्सरचा काढला ना गं? एकदा समोरच्या डोंगरावर काळा ढग दिसला म्हणून त्यांनी वायफायचा डबा बंद केला, तेव्हा मी साहेबांशी बोलत होते, तेही पगारवाढीबद्दल. माझं डोकं असं सटकलं की विचारू नका. बाबा शांतपणे म्हणाले, "साहेब उद्या पण मिळेल. डबा जळला तर?"

या वेडाला कारण आहे, आणि ते घाटकोपरच्या चाळीत आहे. आजोबा गिरणीत होते. कोकणातून आलेला माणूस, बोनस झाला आणि त्यांनी चाळीतला पहिला टीव्ही आणला, लाकडी दारांचा, काळा-पांढरा. रविवारी संध्याकाळी सिनेमाला अख्खी चाळ आमच्या खोलीत. बाबा नुकतेच नोकरीला लागलेले, टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसलेले. मध्येच खोलीतला बल्ब एकदम लख्ख झाला. एरवी तो बिचारा मिणमिणायचा, त्यामुळे लोक खूश झाले. कुणीतरी म्हणालंसुद्धा, आज लाइट झकास आहे. आणि टीव्हीतून फट् असा आवाज आला, वर धूर. आजोबा एवढंच म्हणाले, "गेलो रे टीव्ही." मग उठले आणि आलेल्या सगळ्यांसाठी चहा करायला सांगितला. दुसरा टीव्ही घरात यायला फार वर्षं गेली. बाबा अजून सांगतात, बल्ब लख्ख झाला तेव्हाच मी उठायला हवं होतं, पण मी पण खूश होऊन बघत बसलो.

आता आईबद्दल. आई शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाल्यावर महिनाभर तिने घरातले डबे पुनःपुन्हा घासले आणि मग एका ओळखीच्या बाईंनी तिला अंध मुलींच्या वसतिगृहात नेलं. तिथे पुस्तकं वाचून, रेकॉर्ड करून द्यायला माणसं हवी होती. आई जी चिकटली ती चिकटलीच. आमच्या आतल्या खोलीचा तिने स्टुडिओ केला. खिडकीला दोन गोधड्या, दाराच्या फटीत टॉवेल, पंखा बंद, आणि घामाघूम होऊन ही बाई माइकसमोर वाचत बसायची. ती वाचत असताना घरात कुकर लावायचा नाही, शिंकायचं नाही, फोन घ्यायचा तर जिन्यात जाऊन. एका घरात असे दोन हुकूमशहा, आणि जनता म्हणजे मी एकटी.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी तिच्याकडे अर्थशास्त्राचा एक जाडजूड ग्रंथ आला होता. वसतिगृहातली एक मुलगी एम.ए.ला बसणार होती, दिवाळीनंतर लगेच परीक्षा, आणि ते पुस्तक ब्रेलमध्ये नव्हतं, कुणी वाचलेलंही नव्हतं. आईचा आणि अर्थशास्त्राचा संबंध भाजीवाल्यापुरता. पण तिने श्रावणापासून बसून तो ग्रंथ पोथी वाचावी तसा वाचायला घेतला. चलनवाढ, तूट, मागणी, पुरवठा, सगळं शुद्ध उच्चारात. जेवताना आम्हालाही ऐकवायची. दिवाळी तोंडावर आली तेव्हा हातातलं प्रकरण संपत आलं होतं आणि त्यानंतरची शेवटची दोन राहिली होती.

सगळं रेकॉर्डिंग त्या एका कॉम्प्युटरमध्ये. मी तिला दहादा सांगितलं असेल, झालं तेवढं पेन ड्राइव्हवर घे, त्या पोरीला पाठवून टाक. आईचं एकच म्हणणं, अर्धवट काही द्यायचं नसतं. नैवेद्य पूर्ण झाल्याशिवाय आपण पान मांडतो का? आता या बाईशी कोण वाद घालणार. ती मुलगी आठवड्यातून एकदा फोन करायची, संकोचत विचारायची, कुठवर आलं हो मावशी? आणि आई म्हणायची, आलं, आलं, एकदम सगळंच देते तुला.

बाबांचं दैवत बाहेरच्या खोलीत होतं. निवृत्तीनंतर त्यांनी भला मोठा टीव्ही घेतला, क्रिकेटसाठी. स्वतःच्या जुन्या मऊ बनियनने रोज पुसायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. टीव्ही घरात यायच्या आधी त्याचा गार्ड आला होता. बाबांनी स्टेशनजवळच्या दुकानात बसून पूर्ण शिकवणी घेतली आणि सारखे दोन गार्ड आणले, एक टीव्हीला, एक आईच्या कॉम्प्युटरला. प्रत्येकावर बारीक हिरवा दिवा. दुकानदाराने सांगितलं होतं, हिरवा दिवा पेटलेला आहे तोवर आतला पहारेकरी जिवंत. विजेचा झटका आला की तो स्वतःच्या अंगावर घेतो. घेता घेता एक दिवस तो संपतो, दिवा विझतो. वीज मात्र येतच राहते, म्हणून दिव्याकडे लक्ष ठेवायचं. बाबांनी हे आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं की मला झोपेतही म्हणता आलं असतं.

आणि मग आला गार्ड आल्यानंतरचा पहिला दसरा. आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा होते. आजोबा गिरणीत मागाची पूजा करायचे, ते वळण बाबांनी घरात आणलं. मिक्सर, शिलाई मशीन, फ्रिज, माझा लॅपटॉप, सगळ्यांना झेंडूचं फूल आणि हळदीकुंकू. गार्ड तर बाबांचे लाडके, त्यांना कसं वगळणार? आईने बोट ओलं करून कुंकू घेतलं आणि बरोब्बर हिरव्या दिव्यावर टेकवलं. तिचं म्हणणं, त्या सपाट पट्टीवर कपाळ म्हणावं असं तेवढंच ठिकाण आहे. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. खाली हळद, वर कुंकू, असे थर बसत गेले आणि दिवा दिसेनासा झाला. ज्या माणसाने रिक्षा अर्ध्यातून वळवून मिक्सरचा प्लग तपासलाय, त्याने त्या थराला कधी नख लावलं नाही. मी एकदा पुसायला गेले तर दोघंही ओरडले. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं. झालं, विषय संपला. पहारेकऱ्याला आम्ही सवाष्ण केलं होतं आणि तो जिवंत आहे की नाही हे विचारायची सोय ठेवली नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे स्टूल. आमचा मेन स्विच दारावर उंच आहे, बिल्डिंग बांधणाऱ्याला काय सुचलं देव जाणे. त्यामुळे दाराशी कायम एक स्टूल असायचं, वेळ आली तर चढून मेन पाडायला. त्याला हात लावायचा नाही, हा बाबांचा नियम. पण आईच्या माइकला तेवढ्याच उंचीचं काहीतरी हवं होतं. बरीच भांडणं होऊन तह झाला, वाचन संपलं की स्टूल परत दाराशी.

दिवाळीच्या आधीचा शनिवार. दुपारी सोसायटीच्या रोषणाईचं काम चाललेलं, गच्चीपासून खालपर्यंत माळा सोडत होते, आणि त्यांची जोडणी खाली मीटरच्या खोलीत. बाहेरच्या खोलीत बाबा सामना बघत होते. आवाज पूर्ण बंद करून, कारण आत आई वाचत होती. समोरचे काका त्यांच्यासोबत बघायला आले होते, ते चहा प्यायला आपल्या घरी गेलेले. मी स्वयंपाकघरात, आईकडून दिवाळीपुरती मिक्सरची सूट मिळवून, चिवड्यासाठी पिठीसाखर करत होते.

अचानक मिक्सर किंचाळायला लागला. म्हणजे तो नेहमीच ओरडतो, पण हे काहीतरी वेगळं होतं, अंगात आल्यासारखं. वर बघते तर ट्यूबलाइट पांढरीफटक. पंख्याचा वेग इतका की ओट्यावरची साखर उडायला लागली. मला वाटलं, वा, आज मिक्सर छान चाललाय. खरंच, अगदी हेच वाटलं. चाळीतल्या लोकांची नात शोभते की नाही?

बाहेरून बाबांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते काहीतरी ओरडले, ते मिक्सरमुळे मला कळलं नाही. मग धावत गेलेली पावलं. आणि मग, फट्.

मी मिक्सर बंद करून बाहेर आले. टीव्ही काळा पडलेला, मागून धुराची बारीक रेघ, आणि जळक्या प्लास्टिकचा वास. खुर्ची रिकामी. बाबा आतल्या खोलीत होते. आई कानांवर हेडफोन, हातात पुस्तक, तोंड उघडं, अशी बसलेली आणि बाबा तिच्या टेबलाखाली गुडघ्यांवर, हातात कॉम्प्युटरचा प्लग. मग त्यांनी स्टुलावरचा माइक उचलून आईच्या मांडीवर ठेवला, स्टूल घेऊन दाराशी गेले, चढले आणि मेन पाडला. उतरून स्टुलावरच बसले. मला म्हणाले, "गेलो गो बाय, टीव्ही." आजोबांसारखं.

आई टीव्हीकडे वळलीसुद्धा नाही. ती कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्याकडे बघत होती. मग मला म्हणाली, यातलं गेलं असेल तर त्या पोरीला मी काय सांगू? मी इतके दिवस बजावत होते, त्यामुळे ओठांवर आलं होतं की बघ, सांगितलं होतं ना. पण तिचा चेहरा बघून ते गिळलं. म्हटलं, काही गेलं नसेल. मला स्वतःलाच त्याची खात्री नव्हती.

सोसायटीचा इलेक्ट्रिशियन आला. खालच्या खोलीत माळांची जोडणी करताना न्यूट्रलची तार सैल झाली होती. ती सुटली की वीज अर्ध्या बिल्डिंगला कमी आणि अर्ध्या बिल्डिंगला भलतीच जास्त मिळते, असं त्याने सांगितलं. समोरच्या काकांकडे म्हणे दिवे मिणमिणत होते आणि ते पंखा बिघडला म्हणून बायकोला बोलत होते. आमच्याकडे उलटं. तार घट्ट करून झाल्यावर तो टीव्हीचा गार्ड बघायला लागला. दिवा कुठाय म्हणाला. मग त्याला तो थर दिसला. त्याने नख पुढे केलं, थांबला, आणि हात जोडून आईला म्हणाला, काकू, तुम्हीच पुसा, मी नाही हात लावणार.

आईने देवाची क्षमा मागितली आणि ओल्या फडक्याने पुसलं. मेन चालू करून गार्ड दुसऱ्या प्लगमध्ये लावून बघितला. दिवा विझलेला. मग कॉम्प्युटरचा गार्ड पुसला. तोही विझलेला. कधी विझले होते कुणास ठाऊक, कितीतरी दसरे आम्ही दोन मेलेल्या पहारेकऱ्यांना फुलं वाहत होतो. वर इलेक्ट्रिशियन म्हणाला की दिवा असता तरी एवढी चढलेली वीज याला पेलली नसती. हा क्षणभराच्या झटक्यासाठी. अशी चढून राहिलेली वीज आली तर घराचा सगळा पुरवठाच तोडणारं यंत्र वेगळं मिळतं, ते मेन स्विचपाशी बसवायचं. बाबा वर्गात नापास झालेल्या मुलासारखे ऐकत होते. मला त्यांची फार दया आली आणि हसूही.

कॉम्प्युटर लावायला मात्र ते तयार होईनात. रात्रभर वीज नीट राहते का बघू, मग. आईने त्या रात्री जेवण नुसतं चिवडलं. सकाळी पूजा झाल्यावर बाबांनी स्वतः प्लग लावला आणि डोळे मिटून बटण दाबलं. पडदा उजळला. आईने चष्मा लावला आणि एकेका प्रकरणावर बोट ठेवत गेली. सगळी होती. ती ओक्साबोक्शी रडायला लागली, आणि बाबा म्हणाले, आता त्यावर पाणी सांडू नकोस. काल अर्धवट तुटलेलं रेकॉर्डिंगही मशीनने जपून ठेवलं होतं, ठेवू की टाकू असं विचारत होतं. आईने हेडफोन लावून ते ऐकलं. ऐकता ऐकता रडं थांबलं. मग पुन्हा एकदा ऐकलं. मी विचारलं, काय आहे? म्हणाली, काही नाही, चांगलं आलंय. आणि त्याच दिवशी, न सांगता, झालेली सगळी प्रकरणं तिने त्या मुलीला पाठवून दिली. राहिलेली दोन प्रकरणं चार दिवसांत वाचून दिली. नैवेद्याचा मुद्दा पुन्हा निघाला नाही.

इकडे बाबांची टर उडायला लागली. काका रोज यायचे आणि म्हणायचे, जन्मभर प्लग काढलेस आणि ऐन वेळी तुझाच टीव्ही उडाला? बाबा सांगायचे, अरे उठलो तो बटण बंद करायलाच, पण पाय घसरला, बटणापर्यंत हात पोचेना. मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात काही बसत नव्हतं. टीव्हीचं बटण बाबांच्या खुर्चीच्या हाताला लागून आहे. त्यासाठी उठावंसुद्धा लागत नाही. बाबांनीच ते तिथे करून घेतलंय. मी आईकडे बघायचे, आई चकल्यांकडे बघायची.

नवं यंत्र दाराशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर बसलं. त्यावर लाल आकड्यांत वीज किती ते दिसतं. टीव्ही दुरुस्तीला गेलेला, त्यामुळे बाबा संध्याकाळी खुर्ची दाराकडे वळवून ते आकडेच बघत बसायचे आणि मध्येच स्कोअर सांगावा तसे सांगायचे. या यंत्राच्या आकड्यांवर कुंकू लावायचं नाही, असा ठराव झाला. फूल मात्र चालेल.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्या मुलीचा फोन आला. आईचे हात पिठात होते म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला. काका बसलेले, बाबा आकडे बघत होते. मुलीने सगळं ऐकून झाल्याचं सांगितलं, मागणी-पुरवठा पहिल्यांदाच समजला म्हणाली, आईचे आभार मानले. मग जरा अडखळली. मावशी, एक विचारू का? शेवटून तिसऱ्या प्रकरणात तुम्ही म्हणता, 'पुरवठा कमी पडला असता', आणि तिथेच एक माणूस ओरडत धावत येतो. "अगं टीव्ही मरू दे, आधी तुझं, आधी तुझं बंद कर." मग काहीतरी फुटतं आणि प्रकरण संपतं. मी पुन्हा पुन्हा ऐकलं. हे पुस्तकात आहे का?

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. बाबा उठून दाराशी गेले आणि यंत्राच्या अगदी जवळ जाऊन आकडे वाचायला लागले. त्यांचे कान लाल झाले होते.

आईने पिठाचे हात तसेच ठेवून फोनकडे तोंड नेलं.

"पुस्तकातलं नाही गं ते," ती म्हणाली. "ते आमचे हे."